नाही म्हणायलाही व्होल्टेज लागतं

आपल्या या अंकात दरवर्षी कुणी अलास्काच्या क्रूझबद्दल लिहितं, कुणी आजीच्या भाजणीबद्दल. दोन्ही मी आवडीने वाचतो. पण ज्याबद्दल मी स्वतः खात्रीने चार शब्द सांगू शकेन असा विषय माझ्याकडे एकच आहे आणि तो मी जवळजवळ चाळीस वर्षं फळ्यावर खडूने लिहीत आलो: इलेक्ट्रॉनिक सर्किटं. त्यातला एक लहानसा कोपरा आज घेतो. पुरवठ्याचं व्होल्टेज कमी पडलं की लॉजिक बफर नावाची चिप आपल्या आउटपुटवर काय करते? लगेच पान उलटू नका. पुढे यात विहिरीवरची मोटर येणार आहे आणि माझं स्वतःचं हृदयही.

आधी बफर म्हणजे काय ते सांगतो. आमच्या गावात कोतवाल दवंडी द्यायचा. हुकूम पाटलांचा किंवा तलाठ्याचा, आवाज कोतवालाचा. तो स्वतःचं काही सांगत नसे, फक्त मोठ्याने सांगे. बफरचं काम अगदी हेच. प्रोसेसर अतिशय हलक्या आवाजात 'एक' किंवा 'शून्य' म्हणतो. त्या आवाजाने एखादा रिले उचलला जात नाही, की लांबलचक तारेच्या दुसऱ्या टोकाला काही ऐकू जात नाही. बफर तेच 'एक' किंवा 'शून्य' जोर लावून पुढे सांगतो. आठ ओळींचा ७४एचसी२४४ हा त्यातला जुना, प्रसिद्ध मोहरा. माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाताखालून तो गेलेला आहे.

या चिपच्या आत, प्रत्येक आउटपुट पिनपाशी दोन ट्रान्झिस्टर असतात. एक वर, पुरवठ्याच्या बाजूला. एक खाली, ग्राउंडच्या बाजूला. 'एक' म्हणायचं असेल तर वरचा चालू होतो आणि पिनला पुरवठ्याला बांधतो. 'शून्य' म्हणायचं असेल तर खालचा चालू होतो आणि पिनला ग्राउंडला बांधतो. फ्रँक वॉनलस यांनी १९६३ मध्ये फेअरचाइल्डमध्ये असताना मांडलेली ही जोडी, तिलाच सीमॉस म्हणतात. आज तुमच्या खिशातल्या फोनमध्ये अशा कोट्यवधी जोड्या आहेत.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. वर्गात मी दरवर्षी विचारायचो, 'शून्य म्हणजे काय?' आणि दरवर्षी उत्तर यायचं, 'काही नाही.' चूक! शून्य म्हणजे काही नसणं नव्हे. शून्य म्हणजे खालच्या ट्रान्झिस्टरने पिन घट्ट धरून ठेवणं. कुणी वर ओढायला लागलं तरी न सोडणं. आणि हे धरायला त्या ट्रान्झिस्टरच्या गेटवर व्होल्टेज लागतं. ते व्होल्टेज येतं कुठून? त्याच पुरवठ्यातून, ज्यातून 'एक' येतो. म्हणजे 'हो' म्हणायला जसं व्होल्टेज लागतं, तसं 'नाही' म्हणायलाही लागतं.

मग पुरवठा ढासळला की काय होतं?

आपला सहज समज असा की सगळंच थोडं मंद होत असेल. तुमच्यापैकी जे इथे अमेरिकेत वाढले त्यांनी, २००३ च्या ऑगस्टमधला तो मोठा अंधार सोडला, तर 'लाइट गेली' हे वाक्य क्वचितच ऐकलं असेल. आम्ही ते रोज ऐकायचो. पण त्याहून जास्त ऐकायचो ते 'लाइट डिम झाली'. संध्याकाळी बल्बची तार लालसर व्हायची, ट्यूबलाइट नुसती फडफडायची, आणि आई म्हणायची, 'राहू दे, कंदील लाव.' बल्ब हा प्रामाणिक प्राणी आहे. कमी मिळालं की कमी देतो, आणि ते सगळ्यांना दिसतं. लॉजिकचं तसं नाही.

ट्रान्झिस्टरला चालू व्हायला एक किमान व्होल्टेज लागतं, त्याला थ्रेशोल्ड म्हणतात. हिशेबासाठी ते ०.७ व्होल्ट धरा. कामाला येतं ते त्याच्या वरचं व्होल्टेज. पुरवठा ५ व्होल्ट असेल तर हाताशी ४.३ राहतात. पुरवठा २ व्होल्टवर आला तर उरतात १.३. आणि ट्रान्झिस्टर जास्तीत जास्त किती करंट वाहू शकतो हे ढोबळमानाने या उरलेल्या व्होल्टेजच्या वर्गावर ठरतं. म्हणजे पुरवठा अडीचपट कमी झाला, तर ताकद अकरापट कमी झाली. १ व्होल्टवर उरतात फक्त ०.३, आणि ताकद दोनशेव्या हिश्शावर येते. त्याखाली थ्रेशोल्ड ओलांडलाच जात नाही आणि करंट घसरगुंडीवरून घसरावा तसा जातो. व्होल्टेज शंभरेक मिलिव्होल्टने उतरलं की करंट दहाव्या हिश्शावर. कोतवाल तिथेच उभा आहे, ढोलही गळ्यात आहे, पण हात उचलत नाही.

डेटाशीट वाचायची एक कला असते. जे छापलंय ते सगळेच वाचतात. काय छापलेलं नाही तेही वाचावं लागतं. ७४एचसी२४४ च्या डेटाशीटमध्ये पुरवठा २ ते ६ व्होल्ट चालेल असं ठळक लिहिलेलं असतं. विद्यार्थी तेवढं वाचून खूश. आता आतला तक्ता बघा. ४.५ व्होल्टवर ही चिप ६ मिलिअँपिअर देईल आणि तरीही आउटपुट ३.९८ व्होल्टच्या खाली जाणार नाही, असं वचन आहे. २ व्होल्टच्या ओळीत वचन आहे ते फक्त २० मायक्रोअँपिअरचं. तीनशेपट कमी! २ व्होल्टवर मिलिअँपिअरमध्ये किती, याबद्दल अवाक्षर नाही. वेगही तसाच: ४.५ व्होल्टवर निरोप पोचायला जेवढा वेळ लागतो त्याच्या साधारण पाचपट २ व्होल्टवर. २ व्होल्टच्या खाली तक्ताच संपतो. चिप तिथे मरते असं नाही, पण तिच्या वतीने शब्द द्यायला कुणी तयार नाही.

(जाता जाता: १९७२ मध्ये स्वॉन्सन आणि माइंडल यांनी दाखवलं होतं की सीमॉसची जोडी तत्त्वतः सुमारे ०.२ व्होल्टवरही एक आणि शून्य यांतला फरक टिकवू शकते. हुशार विद्यार्थी हे वाचून वाद घालायला यायचे. बरोबर आहे, पण ते चिपचं आतल्या आत पुटपुटणं झालं. दवंडी नव्हे.)

आता हे कुठे अडतं ते सांगतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या विद्यापीठात शेवटच्या वर्षाच्या चार मुलांनी एक यांत्रिक हात केला होता. सूपचा डबा उचलायचा आणि फळीवर ठेवायचा, एवढंच. मोटर २४ व्होल्टची, डोकं ५ व्होल्टचं. हात छान चालायचा. त्रास एकच: बंद करताना कधीकधी तो एक झटका द्यायचा. दर वेळी नाही, आठ-दहा वेळांतून एकदा. मुलांनी तीन दिवस प्रोग्रॅम ओळीने ओळ वाचून काढला, काही सापडलं नाही. सापडणार नव्हतंच, कारण झटक्याच्या वेळी प्रोग्रॅम चालतच नव्हता. चौथ्या दिवशी स्विच बंद करून एक मुलगी डबा काढायला गेली आणि पंजाच्या फटीत तिचा अंगठा सापडला. नख काळंनिळं झालं, हाड वाचलं. तो हात सूपच्या डब्याऐवजी वीस किलोचं काही उचलणारा असता तर? मला त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी ऑसिलोस्कोप लावून बसलो. स्विच बंद केल्यावर ५ व्होल्ट एका क्षणात शून्य होत नाहीत. कपॅसिटरमध्ये साठलेलं ओसरायला वेळ लागतो. त्या बोर्डावर साधारण ८० मिलिसेकंद लागत होते. २४ व्होल्टच्या बाजूचे कपॅसिटर चांगले गलेलठ्ठ, ते तर काही सेकंद भरलेलेच. म्हणजे डोकं मावळतंय आणि दंडात जोर शाबूत आहे, असा तो काळ. प्रोसेसरला किमान ४.५ व्होल्ट लागत. त्याच्या खाली त्याचं भान सुटतं; पिनांवर काय येईल सांगता येत नाही. पण बफर? तो २ व्होल्टपर्यंत शुद्धीवर! ४.५ पासून २ पर्यंतच्या त्या चाळीसेक मिलिसेकंदांत पाटील तापात बरळत होते आणि कोतवाल इमानेइतबारे ती बरळ गावभर पिटत होता. मोटरच्या ट्रान्झिस्टरला काय, दवंडी ऐकली की पळायचं एवढंच ठाऊक.

आणि २ व्होल्टच्या खाली कोतवालही आडवा. आता आउटपुटवर 'एक' नाही आणि 'शून्य'ही नाही. ती तार कुणाचीच नाही. शेजारच्या तारेतून काही झिरपलं, बोर्डावर दमट हवेचा थर असला, तर ती तिकडे कलते. बंद केलेल्या यंत्राला 'थांब' असं सांगणारं कुणी उरलेलंच नसतं. लोकांना वाटतं, वीज काढून घेतली म्हणजे यंत्र 'नाही' म्हणतंय. ते काहीच म्हणत नसतं.

यावरचा उपाय पायरीपायरीने खाली उतरतो, आणि शिकवताना मला तो भाग फार आवडायचा. पहिली पायरी: एक पहारेकरी चिप लावायची. तिचं एकच काम, पुरवठ्याकडे डोळा ठेवणं. ४.६ च्या आसपास व्होल्टेज उतरलं की ती प्रोसेसरला रीसेटमध्ये टाकते आणि बफरला सांगते, हात काढून घे, आता बोलू नकोस. (बफरला अशी तिसरी अवस्था असते: एकही नाही, शून्यही नाही, तारेवरून हात काढून घेणं.) पण ही पहारेकरीणही शेवटी चिपच! अशा बऱ्याच चिपा १ व्होल्टपर्यंत शब्द पाळतात. त्याखाली काय? त्यांच्यातल्या काहींच्या डेटाशीटमध्ये कंपनीने स्वतःच लिहून ठेवलंय की १ व्होल्टच्या खाली आमचं आउटपुट उघडं पडल्यासारखं होतं, तेव्हा ते शून्यावर राहावं असं वाटत असेल तर तिथून ग्राउंडला १०० किलोओहमचा एक रेझिस्टर लावा.

रेझिस्टर. सगळ्यात साधा, सगळ्यात स्वस्त, दोन पायांचा. त्याला पुरवठा लागत नाही. त्याला किमान व्होल्टेज नाही, थ्रेशोल्ड नाही, डेटाशीटमध्ये रिकामी राहिलेली ओळ नाही. तो दिवसरात्र तारेला हलकेच जमिनीकडे ओढत बसतो. बफर जागा असेल तेव्हा त्याच्यापुढे याचं काही चालत नाही. बफर गेला की तार याच्या ताब्यात येते. प्रोसेसर ४.५ ला गेला, बफर २ ला, पहारेकरी १ ला. हा शून्यालाही आपल्या जागेवर.

आम्ही त्या यांत्रिक हातात पहारेकरी चिप बसवली आणि मोटरच्या प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या गेटपाशी १० किलोओहमचा एकेक रेझिस्टर. मग मुलांना सांगितलं, आता शंभर वेळा चालू-बंद करा आणि मोजा. त्यांनी दोनशे वेळा केलं. पुन्हा झटका नाही. अंगठावाली मुलगी पुढे शस्त्रक्रियेच्या उपकरणांच्या डिझाइनमध्ये गेली. अजून ख्रिसमसला कार्ड पाठवते.

चिपा बनवणाऱ्यांनाही हे दुखणं नवं नव्हतं. नंतरच्या काही बफरांमध्ये त्यांनी सोय आतच केली. एबीटी जातीचे बफर पुरवठा २.१ व्होल्टच्या खाली असताना, आणि एलव्हीटी जातीचे काही १.५ च्या खाली असताना, आपणहून हात काढून घेतात. पण तिथेही खाली बारीक अक्षरात सूचना असते: त्याच्या वरच्या व्होल्टेजला खात्री हवी असेल तर बफर चालू-बंद करणारी पिन एका रेझिस्टरने पुरवठ्याला बांधा. पुन्हा रेझिस्टर!

हे सगळं मी इथे येऊन, पीएच.डी. करून शिकलो असं कुणी म्हटलं तर मी मान डोलावीन, पण ते पुरतं खरं नाही. तासगावच्या बाजूला माझ्या मामांची विहीर होती, तिच्यावर साडेसात हॉर्सपॉवरची मोटर. मोटरशेजारी भिंतीवर स्टार्टरची लोखंडी पेटी, एक हिरवं बटण, एक लाल. हिरवं दाबलं की आतली कॉइल लोहचुंबक होऊन संपर्क ओढून धरते आणि मोटर चालू राहते. व्होल्टेज फार उतरलं की कॉइलची पकड सुटते, आणि स्प्रिंग संपर्क मागे ढकलते. खाड! मोटर बंद. मामा वैतागायचे. रात्री दोनला पाणी धरायचं, लाइट डिम झाली की स्टार्टर पडणार, मग बॅटरी घेऊन पुन्हा विहिरीपर्यंत चालत जायचं, सापांच्या दिवसांत. शेजारच्या मळेवाल्याने यावर तोड काढली. संपर्क सुटू नये म्हणून पेटीत लाकडाची खुंटी ठोकली. त्या उन्हाळ्यात त्याची मोटर जळाली. कमी व्होल्टेजवर मोटर कमी नाही, जास्त करंट ओढते, तापते आणि वाइंडिंग जाळून घेते. खुंटीमुळे ओव्हरलोडचं संरक्षणही निकामी झालं होतं, कारण तेही शेवटी त्या कॉइललाच सोडायला सांगतं.

मामा सातवी शिकलेले. ते म्हणाले होते, 'ती स्प्रिंग हाय म्हून मोटर हाय.' वीज नसताना काम करणारी वस्तू यंत्रात एक तरी हवी, हे त्या पेटीच्या डिझाइनरला ठाऊक होतं. माझा १० किलोओहमचा रेझिस्टर म्हणजे तीच स्प्रिंग.

आता हृदयाचं. दोन वर्षांपूर्वी मला चक्कर येऊ लागली. तपासणीत निघालं की हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा निरोप खालच्या कप्प्यांपर्यंत पोचत नाही, मध्येच तुटतो. डाव्या खांद्याखाली पेसमेकर बसवला. म्हणजे काय, तर निरोप पुढे मोठ्याने सांगणारा एक बफर. ही गंमत मी भुलीच्या डॉक्टरांना सांगायला लागलो तेवढ्यात झोप लागली.

पहिल्या तपासणीला गेलो तेव्हा मी तिथल्या तंत्रज्ञ बाईंना विचारलं, 'बॅटरी उतरत आली की आउटपुटचं काय होतं?' त्या म्हणाल्या, लोक विचारतात मायक्रोवेव्हजवळ उभं राहू का, सेलफोन कुठल्या खिशात ठेवू. हे पहिल्यांदाच ऐकतेय. पण उत्तर त्यांना नीट येत होतं. हे उपकरण स्वतःच स्वतःच्या बॅटरीवर नजर ठेवतं. ठरावीक पातळीच्या खाली गेली की बदलायची वेळ आली अशी खूण लावतं, आणि त्यानंतरही निदान तीन महिने पुरेल इतकं शिल्लक ठेवलेलं असतं. त्या काळात चैनीची कामं बंद, म्हणजे जिना चढताना ठोके वाढवणं वगैरे. एका साध्या ठरावीक गतीने ठोके देणं तेवढं चालू. पेसमेकरमध्ये १९७२ पासून आलेल्या लिथियम-आयोडीन बॅटरीचा एक मोठा गुण असा की ती एकाएकी कोसळत नाही, सुमारे २.८ व्होल्टपासून हळूहळू, आधी अंदाज बांधता येईल अशी उतरते. त्याआधीच्या पाऱ्याच्या बॅटऱ्यांचं व्होल्टेज शेवटपर्यंत छान राही आणि मग झटकन जाई. सर्किटवाल्याला दुसरी बॅटरी सुंदर वाटेल. रोग्याला पहिली हवी.

मी म्हटलं, आणि तीन महिन्यांनंतर? समजा मी भारतात आहे, खूण कुणी पाहिलीच नाही. त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, 'मग तुमचं स्वतःचं काय उरलंय ते बघायला हवं. बघू या?'

हृदयाची रचना मला तोवर कुणी अशी समजावली नव्हती. वरची गाठ मिनिटाला ६० ते १०० ठोके देते. ती गप्प झाली तर मधला भाग ४० ते ६० ने सांभाळतो. तोही गेला तर खालचे कप्पे स्वतःच, २० ते ४० च्या संथ गतीने चालू राहतात. कधी ते चालतात, कधी नाही. त्या थरावर डेटाशीट मिळत नाही.

बाईंनी मला पाठीवर झोपवलं, समोर पडदा वळवला आणि पेसमेकरची गती पायरीपायरीने उतरवायला सुरुवात केली. ६०. ५०. ४५. ४०. घेरी आल्यासारखं वाटलं तर लगेच सांगा, म्हणाल्या. खोलीचे कोपरे जरा लांब गेल्यासारखे वाटले, पण मी बोललो नाही, मला पाहायचं होतं. ३५ वर आणल्यावर पडद्यावरच्या पेसमेकरच्या उभ्या रेघा दिसेनाशा झाल्या आणि त्यांच्या जागी रुंद, आळशी, वेगळ्याच आकाराचे ठोके येऊ लागले. माझे. त्यांनी मोजले: ३८.

पुन्हा ६० वर आणून त्या नोंद करू लागल्या. मी तो आकडा एका कागदावर लिहून मागितला. तो माझ्या पाकिटात विम्याच्या कार्डामागे आहे.